आईचा राडा

मागच्या वर्षीची गोष्ट. पुतण्याच्या कॉलेजची एकांकिका पुरुषोत्तम करंडक स्पर्धेत होती, पुण्यात भरत नाट्य मंदिरात, आणि आम्ही घरचे कुणी जाऊ शकलो नव्हतो कारण आईचं पथ्यपाणी चालू होतं. रात्री पावणेदहाला फॅमिली ग्रुपवर त्याचा मेसेज आला, एकच शब्द आणि पुढे सात-आठ उद्गारचिन्हं. राडा. मी तो मोठ्यानं वाचला कारण आईला हल्ली फोनवरची अक्षरं नीट दिसत नाहीत. माझा भाऊ, म्हणजे त्याचा बाप, पेपर वाचत होता तो एकदम उठूनच बसला आणि म्हणाला, "कुणाशी?" आणि आई वाती वळत होती, ती हात थांबवून म्हणाली, "अगंबाई, पाऊस आहे का तिकडं? आणि हा चप्पल घालून गेलाय."

दोन मिनिटांनी फोटो आले. पोरं एकमेकांच्या खांद्यावर चढलेली, घसे बसलेले, एकीच्या डोळ्यात पाणी. प्रयोग तुफान झाला होता, एवढंच सांगायचं होतं त्याला.

एका शब्दाला एका खोलीत तीन माणसांनी तीन अर्थ लावले आणि तिघांचेही बरोबर होते. त्या रात्री मला झोप लागेना. मी चोवीस वर्षं एका मराठी दैनिकाच्या डेस्कवर काढली, हजारो हेडिंगं केली, त्यातल्या कितीतरी हेडिंगांत हा शब्द मीच बसवलेला. या शब्दाशी माझा एक जुना हिशोब आहे आणि तो कधीतरी लिहायचाच होता.

आईपासून सुरुवात करते.

आई वाईकडच्या एका खेड्यातली. तिच्या तोंडी राडा म्हणजे चिखल, पण साधा चिखल नाही. चिखलात पाय टाकला तर तुम्हाला पाय कुठंय आणि माती कुठंय हे कळतं. राडा म्हणजे ज्यात काहीच वेगळं ओळखू येत नाही असा. गोठ्यात शेण, मूत, पाणी, पेंढा सगळं तुडवून एक झालं की राडा. पावसात वाटेवरून बैलगाड्या गेल्या की राडेराड. स्वयंपाकघरातही तेच, तांदूळ नवा असेल आणि पाणी जास्त पडलं तर "भाताचा पार राडा झाला", वांग्याची भाजी ढवळून ढवळून वांगं शोधावं लागलं तर "राडा केलास की गं". मला लहानपणी या शब्दात ओलसरपणा ऐकू यायचा. आजही आई तो म्हणते तेव्हा तिचा हात नकळत पदराकडे जातो, काहीतरी पुसायचं असल्यासारखा.

आणि तिच्यासाठी सगळ्यात मोठा राडा म्हणजे एकसष्ट सालचा. तिचं लग्न होऊन दोन महिने झाले होते. नारायण पेठेत नदीच्या अंगाला वाडा, त्यात दोन खोल्या, सासूसासरे, दोन दीर. १२ जुलै १९६१ ला सकाळी पानशेतचं धरण फुटलं, मातीचं धरण, काम अजून पुरं व्हायचं होतं, आणि तो लोंढा आल्यावर खालचं खडकवासलाही टिकलं नाही. पुण्यात ज्यांनी तो दिवस बघितला ती माणसं आता कमी होत चाललीत, पण ज्यांनी बघितलाय ती सगळी पाण्याबद्दल बोलतात, लकडी पुलाबद्दल बोलतात, पाणी कुठपर्यंत चढलं त्याच्या खुणा दाखवतात. आई पाण्याबद्दल जवळजवळ बोलतच नाही. घरातली माणसं अंगावरच्या कपड्यानिशी टिळक रोडच्या पलीकडे एका नातेवाइकांकडे गेली होती, पाणी तिनं फारसं बघितलंच नाही. तिनं बघितला तो नंतरचा राडा. "पाणी काय, आलं तसं गेलं," ती म्हणते, "राडा राहिला ना."

तो राडा कसा होता हे तिनं मला इतक्या वेळा सांगितलंय की तो मीच काढला असावा असं वाटतं. दार उघडेना कारण आतून गुडघ्याएवढा गाळ दाबून बसलेला. मोठ्या दिरानं खिडकीतून आत उडी मारली तर तो तिथंच रुतला. ज्वारीची कणगी फुटून दाणे गाळात मिसळलेले, ते चार दिवसांनी आंबले आणि त्यांचा वास सुटला. रॉकेलचा डबा उलटलेला, त्यामुळे सगळ्यावर एक चकचकीत तवंग. तिचं लग्नातलं हिरवं लुगडं ट्रंकेत घडी होतं तसंच होतं, पण घडीच्या प्रत्येक पदरात मातीचा एकेक थर, पुस्तकाच्या पानात जाळीदार पान ठेवतात तसा. आणि धुवायला पाणी नाही. शहराला पाणी यायचं ते खडकवासल्यातून, तेच रिकामं झालेलं. घरात गुडघाभर ओल आणि नळ कोरडा. ती आणि तिची सासू घमेल्यानं राडा काढायच्या, रस्त्यावर टाकायच्या, रस्त्यावर दुसऱ्यांचा आधीच पडलेला. "महिनाभर आम्ही राडाच काढला," ती म्हणते. "काढला" या क्रियापदाकडे माझं तेव्हा लक्ष नव्हतं. ते खूप वर्षांनी गेलं.

नंतर पूरग्रस्तांना सहकारनगर, गोखलेनगर अशा भागांत जागा मिळाल्या, आमचे लोक सहकारनगरात आले. मी तिथंच वाढले.

आता भावाचा राडा. साल सत्याऐंशी असेल, तो बारावीला आणि मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. एक दिवस तो घरी आला तो शर्टाचा खिसा फाटलेला, गुडघा सोललेला, आणि आई काही विचारायच्या आत म्हणाला, "काही नाही, कॉलेजवर राडा झाला." आईनं त्याच्या पँटकडे बघितलं. पँटीला खरंच माती लागली होती. तिनं त्याला मोरीत नेऊन पाय धुवायला लावले आणि दुसऱ्या दिवशी शेजारणीला सांगितलं की पोरगा घसरून पडला कॉलेजात, किती राडा ठेवतात मेले. मला मात्र कळलं होतं. दोन वर्गांत मारामारी झाली होती आणि तो शब्द आमच्या पिढीनं उचललेला होता. मुंबईच्या राजकारणाच्या बातम्यांत तेव्हा राडा, राडेबाजी, राडेबाज हे सर्रास असायचं, कट्ट्यावर त्याचा रुबाब होता. मारामारी म्हटलं की शाळेतलं वाटायचं, दंगल म्हटलं की फार मोठं आणि भयंकर, राडा त्या दोन्हींच्या मधला.

चिखलाचा शब्द मारामारीला कसा लागला असेल याचा मी खूप विचार केलाय आणि मला त्याचं उत्तर आईच्या भातातच सापडतं. मारामारीत पहिल्या मिनिटाला कळतं कोण कुणाला मारतंय. तिसऱ्या मिनिटाला कळत नाही. कुणाचा हात, कुणाची कॉलर, कोण सोडवायला आला आणि कोण मारायला, सगळं तुडवून एक. मराठी माणसानं त्याला चिखलाचं नाव दिलं हे मला फार नेमकं वाटतं, आणि ज्या कुणी पहिल्यांदा तसं म्हटलं असेल त्यानं नक्की कुठला तरी गोठा जवळून बघितलेला असणार.

कायद्याचं बघा, तिथं सगळं मोजून. बेकायदेशीर जमाव म्हणायला किमान पाच माणसं लागतात, हे जुन्या भारतीय दंड संहितेतही होतं आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या न्याय संहितेतही आहे. पोलिसांच्या प्रेसनोटमध्ये राडा हा शब्द मी कधी वाचला नाही. तिथं "गैरकायद्याची मंडळी जमवून" असतं, "लाथाबुक्क्यांनी मारहाण" असतं. राडा व्हायचा तो आमच्या डेस्कवर.

का, ते सांगते. राडा हा शब्द दोन अक्षरांचा आहे.

ज्यानं कधी पेपरचं पान लावलं नाही त्याला याची किंमत कळायची नाही. रात्रीचे साडेअकरा, पान सोडायला पंधरा मिनिटं, दोन कॉलमी बातमी, हेडिंगला एका ओळीत मोजक्याच अक्षरांची जागा. "हाणामारी" बसत नाही, "जोरदार धुमश्चक्री" तर नाहीच नाही. "दोन गटांत राडा" हे कुठेही बसतं. शिवाय त्याला जोडाक्षर नाही, वेलांटी नाही, मोठ्या टायपात ठसठशीत दिसतो. नवीन आलेल्या पोरांना आम्ही असे शब्द शिकवायचो, छोटे, टणक, कुठेही बसणारे. शब्द कसे पसरतात यावर विद्वानांनी बरंच लिहिलंय, पण माझ्या डोळ्यासमोर हा शब्द गावभर झाला तो असा, कॉलमाच्या रुंदीमुळे. आम्ही सभागृहात नगरसेवक भांडले तरी राडा लिहिला, सोसायटीच्या मीटिंगमध्ये खुर्च्या उडाल्या तरी राडा, वरातीत नाचण्यावरून झालं तरी राडा. रोज लिहून लिहून आम्ही त्याची धार घालवत होतो आणि आम्हाला ते दिसत नव्हतं.

मग ते हेडिंग.

वर्ष सांगत नाही, भागही नाही. रात्री उशिरा बातमी आली, दोन टोळक्यांत भांडण, एक मुलगा जखमी, हॉस्पिटलमध्ये नेलंय. चार वाक्यांची बातमी. मी हेडिंग केलं, त्यात राडा होता आणि त्याच्याशी यमक जुळवणारा आणखी एक शब्द होता, तो मी इथे लिहीत नाही. वाचायला खटकेबाज झालं होतं. शेजारच्या टेबलावरून कुणीतरी "मस्त" म्हटलं. पान गेलं.

तो मुलगा दुसऱ्या दिवशी दुपारी वारला.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी त्याची आई ऑफिसात आली. सोबत एक म्हातारा, बहुतेक मुलाचा मामा. तिच्या हातात पेपरचा तो तुकडा होता, घडी घालून घालून मऊ पडलेला. ती ओरडली नाही. रिसेप्शनवरच्या मुलीनं मला बोलावलं कारण त्या रात्री पानावर मी होते. बाई म्हणाल्या, "ताई, आमच्याकडं राडा नव्हता झाला. माझ्या मुलाला मारलं." एवढंच. मी दुरुस्ती छापू असं काहीतरी म्हणाले, पण दुरुस्ती छापायची कशाची? बातमीत चूक एकही नव्हती. नाव, वेळ, ठिकाण सगळं बरोबर होतं. त्यांनी तो तुकडा परत घडी घालून पिशवीत ठेवला आणि गेल्या.

मला ते तेव्हा शब्दात मांडता आलं नव्हतं, आता येतं. मी ज्या काळात तो शब्द लिहिला त्या काळात तो अर्ध्या वाटेवर होता. मारामारीचा अर्थ पूर्ण गेला नव्हता आणि मजेचा अर्थ आत शिरायला लागला होता. पोरं तेव्हाच म्हणायला लागली होती, ट्रिपला काय राडा केला यार. म्हणजे माझ्या हेडिंगमध्ये एक मुलगा मरत होता आणि त्याच शब्दाच्या दुसऱ्या अंगाला कुणीतरी नाचत होतं. मला फक्त दोन अक्षरं दिसली. त्या बाईंना त्यातलं नाचणं ऐकू आलं. शब्दाचा अर्थ बदलत असतो तेव्हा तो कुणालातरी लागतो, आणि ज्याला लागतो त्याला कुणी विचारलेलं नसतं.

त्यानंतर नोकरी सोडेपर्यंत मी तो शब्द हेडिंगात घेतला नाही. बाकीचे घेत होते, मी कुणाला अडवलं नाही. अडवायला हवं होतं असं आज वाटतं.

एवढं सगळं असूनही पुतण्याचा तो मेसेज वाचून मला राग आला नाही, आनंदच झाला, आणि त्याचाही विचार करायला लागले. एम.ए.ला भाषाविज्ञानात आम्हाला अर्थविस्तार, अर्थसंकोच, अर्थोत्कर्ष, अर्थापकर्ष अशी नावं पाठ होती. मृग म्हणजे पूर्वी कुठलंही जनावर, आता फक्त हरीण, तो संकोच. तेल म्हणजे तिळाचं, आता शेंगदाण्याचंही आणि इंजिनाचंही, तो विस्तार. परीक्षेत दोन-दोन उदाहरणं लिहायची आणि विसरायची. पण साहस हे उदाहरण माझ्या डोक्यातून कधीच गेलं नाही. संस्कृत धर्मशास्त्रात साहस म्हणजे बळ वापरून, जबरदस्तीनं केलेला गुन्हा. मनुस्मृतीत खटल्यांचे अठरा विषय सांगितलेत त्यात चोरीच्या शेजारी साहस आहे. आणि आज आपण साहसी खेळांच्या शिबिराला पोरांना फी भरून पाठवतो. म्हणजे आज जो शब्द कौतुकाचा आहे तो कधीकाळी कुणाच्या तरी अंगावर आलेला होता. राडा त्याच वाटेनं निघालाय, फक्त साहसला शतकं लागली आणि राड्याचा सगळा प्रवास आमच्या एका घरात, तीन पिढ्यांत उरकला.

मराठीला ही सवयच आहे. धुमाकूळ घ्या. जुन्नरकडे बिबट्या धुमाकूळ घालतो आणि थिएटरात सिनेमाही धुमाकूळ घालतो, एकाच दिवशी, एकाच पेपरात. जबरी चोरी हा गुन्हा आहे आणि जबरी बॅटिंग हे कौतुक. पोरगं गाणं चांगलं म्हणालं तर "फाडलंस", भाषण चांगलं केलं तर "तोडलंस". आपल्याला खरोखर आवडलेल्या गोष्टीला सौम्य शब्द पुरत नाहीत बहुतेक. छान, सुंदर, उत्तम हे शब्द आहेत की, पण ते इस्त्री केलेले. स्टेजवरून उतरलेल्या वीस वर्षांच्या पोराला, ज्यानं दोन महिने रात्र रात्र जागून प्रॅक्टिस केलीये आणि ज्याच्या अंगातून घाम निथळतोय, त्याला "आमचा प्रयोग उत्तम झाला" म्हणायला लावा, तो खोटं बोलल्यासारखा दिसेल. १९६३ पासून ती स्पर्धा चालू आहे, नाट्यगृहाबाहेर तेव्हापासून प्रत्येक पिढीच्या पोरांनी आपापला एक शब्द ओरडलाच असणार.

उलट्या वाटेनं गेलेला शब्दही आहे, आणि तो मला जास्त चटका लावतो. गोंधळ. देवीचा गोंधळ, संबळ, तुणतुणं, दिवटी, घरात लग्न झालं की कुळाचार म्हणून रात्रभर उदो उदो. गोंधळ घालणं म्हणजे विधी करणं, त्याला क्रम आहे, ताल आहे, ते गोंधळ्यांचं पिढीजात काम आहे. आणि आपण तिकिटाच्या रांगेला गोंधळ म्हणतो. अर्जात जन्मतारीख चुकली की गोंधळ झाला. ज्याला बाहेरून फक्त आवाज ऐकू आला आणि आतला ताल कळला नाही, अशा कुणीतरी तो अर्थ चिकटवला असणार. कुणा गोंधळ्याच्या पोरानं शाळेत गुरुजींकडून "काय गोंधळ चाललाय" ऐकलं असेल तेव्हा त्याला काय वाटलं असेल, हे माझ्या मनात येतंच.

पण बघा, दोन्हीकडे क्रियापद तेच आहे. गोंधळ घालायचा, धुमाकूळ घालायचा, धिंगाणा घालायचा. पुतण्याच्या पिढीनं राड्याला हे "घालणं" लावलं आणि तिथं अर्थ फिरला असं माझं ठाम मत आहे. आईच्या भाषेत राडा होतो, पावसानं, गुरांनी, कुणाची इच्छा नसताना. भावाच्या भाषेतही तो बहुतेक वेळा होतोच, "झाला" म्हणून तो सुटला होता, केला कुणी ते बोलायचं नाही. पुतण्या राडा घालतो, ठरवून, तालात, प्रेक्षकांसमोर, सगळ्यांनी मिळून. चिखलाचा गोंधळ झाला असं म्हणा हवं तर, पण जुन्या अर्थाचा गोंधळ.

आणि एक क्रियापद राहिलं. काढणं. राडा काढणं.

आमच्याकडे भांडी घासायला येणाऱ्या मावशी आहेत, त्या म्हणतात, "आधी ओट्यावरचा राडा काढते मग भांड्याला बसते." आई म्हणते. अनंत चतुर्दशीच्या दुसऱ्या दिवशी अलका चौकात झाडूवाल्या बायका भल्या पहाटे येतात, चपला, फुलं, बाटल्या, गुलालाचा लगदा सगळं एकत्र ओढत असतात, त्यातल्या एकीच्या तोंडून मी हेच ऐकलंय. राडा काढणारी माणसं वेगळी आणि घालणारी वेगळी. म्हणून जुना अर्थ मेला असं मी कधी म्हणणार नाही. तो फक्त ज्यांच्या हातात खराटा आहे त्यांच्याकडे राहिला.

पुतण्याला तो एका रात्रीत भेटला. २५ सप्टेंबर २०१९. तो पंधरा वर्षांचा होता. कात्रजकडे ढगफुटीसारखा पाऊस झाला आणि आंबिल ओढा, जो एरवी आम्ही नाक दाबून ओलांडायचो, तो रात्री भिंती पाडत अरण्येश्वर, टांगेवाला कॉलनी, दांडेकर पूल असा सुटला. त्या पावसानं जिल्ह्यात २० हून जास्त माणसं गेली. आमचं घर जरा चढावर म्हणून वाचलं, पण खालच्या गल्लीत तळमजल्यांत पाणी शिरलं होतं. ओढ्यानाल्यांच्या काठानं वर्षानुवर्षं पडत आलेला राडारोडा आपण सगळ्यांनी बघितलाय, जुनी घरं पाडून निघालेल्या विटा, काँक्रीटचे तुकडे, फुटक्या फरशा. तेव्हा केंद्राचे २०१६ चे नियम होते, दिवसाला २० टन किंवा महिन्याला ३०० टन मलबा काढणाऱ्या बांधकामानं आधी आराखडा द्यायचा, वेगवेगळं करून प्रक्रियेला पाठवायचं. कागदावर चांगले होते. रात्रीच्या ट्रकांना ते वाचता येत नव्हते. ओढ्याचं पात्र असं दोन्ही बाजूंनी आवळत गेलं की पाणी वर चढणारच, त्याला दुसरीकडे जागाच ठेवलेली नसते. राडारोडा या शब्दातला रोडा आपण वर्षभर टाकतो, आणि मग एका रात्री राडा घरात येतो.

सकाळी सहाला मी आणि तो खाली गेलो. एका आजींचं घर, एकट्याच राहायच्या, आईच्या भिशीतल्या. दार अर्धं उघडत होतं. आत घोट्याच्या वरपर्यंत गाळ, काळपट, त्यात ओढ्याचा वास. फ्रिज आडवा. शिलाई मशीन उभं होतं पण पायट्यापर्यंत रुतलेलं. त्यानं आधी मोबाइल काढला होता, मग तो त्यानं परत खिशात टाकला. आम्ही घमेली घेतली. फावड्यानं तो गाळ उचलताना एक आवाज होतो, चपकन, चिकटलेलं काहीतरी नाइलाजानं सुटल्यासारखा, आणि तुम्ही उचललेल्या जागी बाजूचा गाळ हळूहळू परत येऊन बसतो. पहिला तास त्याला तेच कळेना, काढतोय तर कमी का होत नाहीये. दुपारपर्यंत आठ-दहा पोरं जमली. रस्त्यात ढीग लागला, त्यात शेजारच्यांचा, पलीकडच्यांचा. संध्याकाळी तो घरी आला, पायरीवरच बसला, नखांत माती, आणि आजीला म्हणाला, "आजी, नुसता राडा आहे गं तिकडे. काढून काढून संपत नाही."

आईनं त्याच्या पायावर तांब्या ओतला. "मशीनच्या बिजागऱ्या आधी पुसायच्या होत्या," ती म्हणाली. "गाळ वाळला की त्या उघडत नाहीत. आमचं तसंच गेलं."

त्या दोन राड्यांत अठ्ठावन्न वर्षांचं अंतर होतं आणि त्या संध्याकाळी दोघं एकाच शब्दात बसले होते. दुसऱ्या दिवशी शाळेला सुट्टी होती, तो जुन्या बनियनच्या चिंध्या घेऊन मशीन पुसायला परत गेला.

त्यानंतर पाच वर्षांनी तोच मुलगा भरतच्या अंगणातून राडा म्हणून मेसेज पाठवतो, आणि मला माहितीये त्याला तो दुसरा राडाही माहितीये. त्यानं काही बदललं नाही, त्याच्याकडे दोन आहेत. कुठला कधी वापरायचा हे त्याला कुणी शिकवलेलं नाही आणि तो कधी चुकतही नाही. मागे एकदा रोडवर झालेल्या एका मारामारीचा व्हिडिओ त्यांच्या ग्रुपवर फिरत होता, खाली कुणीतरी टाकलं होतं "राडाच", तर यानं लिहिलं, तो पोरगा आयसीयूत आहे, राडा काय म्हणतोस. मला हे त्याच्या बापानं दाखवलं. मी ते दोनदा वाचलं. त्या बाईंची पिशवी आठवली.

यंदाच्या विसर्जनाला तो ढोल वाजवायला होता. रात्रभर आला नाही, सकाळी साडेसातला दारात उभा. पांढरा कुर्ता गुलालानं लाल, मध्येच पाऊस येऊन गेलेला त्यामुळे तो लाल रंग ओघळून पायजम्यावर, चिखलात मिसळून तपकिरी, दोन्ही हातांच्या बोटांना पट्ट्या. आवाज गेला होता. खरखरत म्हणाला, "आजी, काय राडा घातलाय आम्ही टिळक रोडला!"

"दिसतोय की," आई म्हणाली. "तिथंच थांब, आत येऊ नकोस."

ती काठी टेकत मागच्या अंगणात गेली, नळाखाली बादली लावली. तो फरशीवर उकिडवा बसला आणि ती त्याच्या पाठीवर तांब्यानं पाणी ओतत राहिली, आणि तो ढोलाचे बोल तोंडानं म्हणून दाखवत होता, आवाज नसताना. पहिल्या बादलीचं पाणी रक्तासारखं गेलं. दुसरीचं गाभुळलेल्या चिंचेसारखं. तिसऱ्या बादलीला ते जरा निवळलं, तेव्हा तिनं खाली वाकून नळीच्या तोंडाशी अडकलेला लगदा बोटानं मोकळा केला आणि म्हणाली, "कानामागं राहिलंय अजून."